दिल्या घरचं गाणं

मित्रांनो, तळहाताएवढी, मधोमध भोक असलेली आणि एका बाजूनं आरशासारखी चकचकणारी वस्तू तुमच्या घरातल्या फडताळात सापडली, तर ती माझ्या जातीची समजा. मी गाण्यांची एक जुनी सीडी आहे. तोंड नसताना आज बोलायला बसले आहे, कारण माझ्या पोटात एक गाणं आहे आणि ते मला कुणालाच ऐकवता येत नाही. आंधळ्याचं दुःख त्याला दिसत नाही हे असतं, मुक्याचं बोलता येत नाही हे. माझं दुःख या दोन्हींहून वेगळं आहे. मला बोलता येत होतं. मला मुद्दाम मुकं केलं, आणि तेही मला जीव लावणाऱ्या माणसानं.

ते गाणं माझ्याहून खूप जुनं. दिग्गी गावची केशरआजी ते गायची. दिग्गी म्हणजे कर्नाटकातल्या जोयड्याच्याही पलीकडे, रानाच्या पार पोटात. तिथं लग्न निघालं की हळद बाजारातून पुड्यात येत नाही. घरची हळकुंडं उखळात घालतात, बाया पाळीपाळीनं मुसळ उचलतात, आणि मुसळ पडेल त्या ठेक्यावर केशरआजी गाणं धरायची. पहिली ओळ तिची, मागची सगळ्यांची. नवरीनं माहेरच्या विहिरीला, गोठ्यातल्या गाईला, परड्यातल्या फणसाला, एकेकाला निरोप द्यायचा, असं ते लांबच लांब गाणं. शेवटाला नवरीची आई येई आणि तिथं आजीचा आवाज असा काही खाली उतरे की मुसळ धरलेल्या बाईचा हात थांबे. "केशरचं गाणं झालं न्हाई तर हळद चढत न्हाई," असं गाव म्हणे. कुणाच्या लग्नाची तारीख धरायची तरी आधी आजीला खोकला नाही ना हे पाहत.

आता विनोदबद्दल सांगते. हा रामनगरचा. वाडवडील खानापूरकडून आलेले, घरचं किराणा दुकान. पण याचं डोकं गुळाखोबऱ्यात कधी रमलं नाही. त्यानं दुकानाच्या अर्ध्या भागात कॅसेटी मांडल्या, पुढं स्वतःच आजूबाजूच्या गावची गाणी, भजनं टेप करून विकायला लागला आणि आपल्या त्या एवढ्याशा कंपनीला 'रानसूर' असं नाव दिलं. गाणं ऐकताना त्याचे डोळे भरून येत. माणूस हळवा आणि तापट, दोन्ही एकदम. त्याच्या हातून जे झालं त्यात लबाडी नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. लबाडी असती तर मला निदान रागावता आलं असतं.

त्याचा एक वैरी होता. जोयड्याच्या बाजारातला लखू. लखूच्या टपरीवर दोन कॅसेटी एकदम बसतील असं यंत्र होतं. 'रानसूर'ची कॅसेट आली की लखू एकीवरून दुसरी भरायचा आणि स्वस्तात विकायचा. उळवीच्या जत्रेत विनोद आपल्या कॅसेटी मांडून बसला होता, आणि शेजारच्या चहाच्या हॉटेलात त्याचंच भजन लखूच्या कॅसेटीवर वाजत होतं. विनोदचं रक्त उसळलं. भर जत्रेत दोघांची जुंपली, लोकांनी ओढून बाजूला काढलं. पण एक गोष्ट विनोदला तेव्हा दिसली नाही. हॉटेलातलं ते भजन ऐकूनच माणसं उठून त्याच्या दुकानाकडं येत होती आणि "हेच भजन, पर चांगल्या आवाजातलं द्या," म्हणत होती. लखू त्याची चोरी करत होता आणि फुकट दवंडीही पिटत होता. रागानं माणसाला चोरी तेवढी दिसली.

त्याच सुमारास त्यानं केशरआजीचं गाणं घेतलं. दिग्गीला आजीच्या अंगणात उखळ मांडलं, बाया जमवल्या, फणसाच्या फांदीला माईक बांधला. मध्ये कोंबडा आरवला तोही राहू दिला. जोयड्यातल्या सगळ्या गाण्यांत हे गाणं उजवं, हे त्यानं ओळखलं होतं. म्हणूनच लखूच्या हाती ते लागू द्यायचं नाही, असा पण त्यानं केला. आता कॅसेट नको, सीडी काढायची, आणि तीही कुलूपबंद!

शहरातल्या सीडी बनवणाऱ्या लोकांनी त्याला हे कुलूप विकलं. ते कसं असतं हे ऐका, कारण माझी सगळी कहाणी तिथंच अडकली आहे. सीडीवरचं गाणं म्हणजे बारीक खळग्यांची ओळ. वापरात ओरखडे येतात, थोडे खळगे बिघडतात, तरी गाणं थांबत नाही. पुस्तकातलं एखादं अक्षर पुसलं तरी तुम्ही शब्द ओळखता ना, तसं यंत्रही तुटलेलं सांधून घेतं. कुलूपवाल्यांनी काय केलं, तर माझ्या अंगावर जन्मतःच मुद्दाम चुका कोरल्या. साधं गाण्याचं यंत्र त्या कशाबशा सांधून घेई. संगणक गोंधळून जाई, म्हणून त्यावर माझी नक्कल निघत नसे. झालं कुलूप! पण यंत्राची सांधण्याची सगळी ताकद या खोट्या जखमांवरच खर्ची पडे. उद्या खरी जखम झाली तर काय, हे विनोदनं विचारलं नाही आणि विकणाऱ्यांनी सांगितलं नाही.

मी तयार होऊन आले तेव्हा तो सगळ्यांत आधी मला घेऊन दिग्गीला गेला. आजी अंगणात भात वारवत होती. तिनं पदराला हात पुसून मला घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि आपलंच तोंड दिसल्यावर लाजली.

"मावशी, आता काय भ्या न्हाई," विनोद म्हणाला. "गाण्याला बीग घातलाय."

मित्रांनो, आमचा भाग अर्धा मराठी, अर्धा कानडी. कुलपाला कानडीत बीग म्हणतात, आणि बीगर म्हणजे व्याही, सोयरे. आजीला कुलूप कुठून सुचणार? तिच्या घराला कधी कुलूप लागलंच नव्हतं. तिच्या कानाला सोयरीकच ऐकू आली.

"बीगर? कोन बीगर?" तिनं विचारलं.

विनोदला हसू आलं. जीप जायच्या घाईत होती. तो म्हणाला, "मीच की मावशी! मीच तुमचा बीगर आता. मला इचारल्याशिवाय गाणं कुठं जायाचं न्हाई, बघा!"

तो हसत हसत जीपमध्ये बसला आणि गेला. आजी हसली नाही. तिनं घरात जाऊन मला देवापुढं ठेवलं, हळदकुंकू लावलं, माझ्यापुढं तांदूळ आणि नारळ ठेवून ओटी भरली. परशूच्या नव्यानंच घरात आलेल्या बायकोला, सुनेला, रक्षाला, तिनं सांगितलं, "गानं दिल्या घरी गेलं गो. चांगलं घर मिळालं." तिच्या बोलण्यात समाधान होतं, आणि लेक पाठवल्यावर आईच्या आवाजात जे असतं तेही होतं.

पुढं 'रानसूर'चं काय झालं ते थोडक्यात सांगते, जास्त माझ्यानं सांगवत नाही. माझ्या बहिणी दुकानांतून, जत्रेतून विकल्या गेल्या आणि चार दिवसांत परत यायला लागल्या. जीपवाल्यांच्या यंत्रानं आम्हाला तोंडात घेऊन पुन्हा बाहेर थुंकलं. तेव्हा घरोघरी सिनेमा दाखवणारी स्वस्तातली यंत्रं आली होती, त्यांनी तर आम्हाला ओळखलंच नाही. आजीचा मुलगा परशू जीप चालवायचा. आपल्या आईचं गाणं प्रवाशांना ऐकवावं म्हणून त्यानं हौसेनं मला लावलं, तर नुसती खरखर. लोक विनोदच्या दारात येऊन ओरडू लागले, "पैसे मोजून घेतली ती वाजत न्हाई, आनी लखूची चोरीची कॅसेट वाजती! मग आम्ही चोर की तू?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. दुकानदारांनी 'रानसूर'चा माल ठेवायचं बंद केलं. मोठ्या शहरांतल्या सिनेमाच्या गाण्यांनाही अशी कुलपं होती म्हणे, ती तिथल्या चोरांनी लगेच फोडली. आमचं कुलूप कुणी फोडलं नाही. रानातल्या एका म्हातारीच्या गाण्यासाठी एवढी तसदी कोण घेणार? लखूनं दुसरी गाणी भरली आणि त्याची टपरी चालत राहिली. विनोदनं कंपनी बंद केली आणि पुन्हा गूळखोबरं विकायला बसला. पडून राहिलेल्या माझ्या बहिणी त्यानं पोत्यात भरून शेतकऱ्यांना देऊन टाकल्या. भात पोटरीला आलं की त्यांना दोरीनं बांधायचे आणि त्या वाऱ्यावर चकाकून पाखरं हुसकायच्या. गाणाऱ्या पोरींना हे काम!

पण दिग्गीत जे झालं ते याहून वाईट होतं, आणि त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मी आल्यावर गावात जे पहिलं लग्न निघालं, त्यात बायांनी हळकुंडं उखळात टाकली, मुसळ उचललं आणि सवयीनं आजीकडं पाहिलं. आजीनं मान हलवली.

"ते न्हाई म्हनायचं," ती म्हणाली. "दिल्या घरची लेक हाय ती. बीगराला इचारल्याबगर माघारी कशी आनायची?"

कुणी वाद घातला नाही. लेक दिल्यावर तिच्यावर आपला हक्क सांगायचा नसतो, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. आजीनं दुसरी गाणी म्हटली. मी देवापुढून सगळं ऐकत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, आजी, ते कुलूप आहे, सोयरीक नाही! कुलूप मला आहे, तुझ्या गळ्याला नाही! पण मला तोंड कुठं होतं?

एकदा तिनं विचारायला माणूस पाठवला होता. सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तेवढ्यापुरतं तरी गाणं माहेरी यावं म्हणून. परशू जीप घेऊन रामनगरला गेला, 'रानसूर'ची पाटी उतरवलेली पाहिली, विनोद मालासाठी बेळगावला गेला होता, आणि परशू तसाच परत आला. आजी म्हणाली, "ऱ्हाऊं दे. घर पडतीला आलं आसल त्यांचं, तवा कशाला मागायचं?" त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. जुन्या बाया एकेक करून गेल्या. तरण्या बायांना वाटे, गाणं काय, ते सीडीत आहे की सुखरूप. शिकायची घाई कुणाला? दर दसऱ्याला आजी मला पुसून कुंकू लावायची, आणि मी तिच्या बोटांत ते गाणं ओळखायची. तिच्या ओठांवर मात्र ते पुन्हा आलं नाही. भात लावणीच्या दिवसांत एका सकाळी ती उठलीच नाही. तिला नेताना घरात कुणीच काही गायलं नाही.

आता या वर्षाचं सांगते. परशू आणि रक्षाच्या मुलीचं, शिल्पाचं, लग्न ठरलं. त्याच आठवड्यात विनोद दिग्गीत आला. डोक्याचे केस गेलेले, पायऱ्या चढताना दम लागलेला. रक्षानं त्याला पाणी दिलं आणि तो अंगणात बसून बोलायला लागला. शहरातली काही माणसं गावोगावची जुनी गाणी जमवून जगभर ऐकवतात, त्यांना कुणीतरी केशरआजीच्या गाण्याचं सांगितलं होतं. 'रानसूर'चं नाव घालून ते गाणं निघणार होतं. विनोदला वाटलं, आयुष्यात एक तरी गोष्ट सरळ होईल. त्यानं जुना संगणक उघडला तर त्यातलं मूळ गाणं गेलेलं, पावसाळी ओलीनं यंत्रच कुजलेलं. शहरातला कारखाना कधीच बंद पडलेला. शेतात टांगलेल्या सीड्या उन्हानं पांढऱ्या पडलेल्या.

"शेवटी लखूकडं गेलो गो बाय," तो म्हणाला. "त्याच्या पाया पडायचा ऱ्हायलो फक्त. म्हटलं, लखू, तू तरी चोरून ठेवली आसशील. एक तरी नक्कल दे. तर तो म्हनतो, 'जत्रेत येवढा भांडलास, वर बीग घातलास. म्हटलं, जाऊं दे, एवढं एक गानं तरी तुझं तुला ऱ्हाऊं दे.' चोरानं माझंच ऐकलं, बघ! नको तवा ऐकलं!"

कुंपणानं शेत खाल्लं की शेतकरी कुणाकडं दाद मागणार? तो नुसता हातावर हात चोळत बसला.

रक्षानं मला देवापुढून आणून त्याच्या हातात दिलं. तो येताना एक जुनं, साधं गाण्याचं यंत्र घेऊन आला होता. परशूनं ते जोडलं. शेजारच्या बाया धावत आल्या. शिल्पानं मोबाइल जवळ धरला, टेप करायला. मी फिरू लागले, आणि इतक्या वर्षांनी त्या अंगणात मुसळ पडल्याचा आवाज आला. मग आजी.

हळदीच्या वाटंवर कुणाचं गो पाऊल,
मांडवाच्या दारी माज्या लेकीची चाहूल…

परशूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि तिथंच मी अडखळले. खर्र, खर्र, पुन्हा खर्र. आजीनं प्रेमानं लावलेल्या कुंकवाचे, पदरानं प्रेमानं पुसल्याचे बारीक ओरखडे माझ्या अंगावर होते. एरवी ते काहीच नव्हते. कुलूप नसलेल्या सीडीनं असे ओरखडे गिळून गाणं पुरं केलं असतं. माझ्यातली सांधायची ताकद जन्मापासूनच खोट्या जखमांनी खाल्ली होती. परशूनं मला धुतलं, टूथपेस्ट लावून चोळलं, विनोदनं कापडानं हळूहळू पुसलं. दर वेळी मी आणखी थोडी गेले. शेवटी यंत्रानं मला घ्यायचंच नाकारलं.

"बरं, न्हाई तर न्हाई," विनोद घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही बाया हायसा की! आजीच्या मागं मागं म्हनत व्हता न्हवं? म्हना पुढचं. मी लिहून घेतो, पुन्हा टेप करतो."

सासूला आत्ती म्हणणारी रक्षा म्हणाली, "आमी कधी म्हटलंच न्हाई की, अण्णा. आत्तीनं म्हनूं दिलं न्हाई. दिल्या घरचं गानं, बीगराला इचारल्याशिवाय म्हनायचं न्हाई, म्हनायची."

"कुठला बीगर?"

"तुमी की. तुमीच म्हटला व्हता न्हवं तिला?"

विनोदला ते आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "अगो, थट्टा केली ती मी," तो कसाबसा म्हणाला. "जीप निघाली व्हती… थट्टा व्हती ती."

"बीगर थट्टा करतो व्हय?" रक्षानं विचारलं. ती रागावून बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

विनोद रडला. म्हातारा माणूस परक्याच्या अंगणात बसून रडतो तेव्हा काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. रक्षानं त्याला पुन्हा पाणी दिलं. जाताना त्यानं मला हात लावला नाही.

मित्रांनो, शिल्पाची हळद झाली. उखळ मांडलं, हळकुंडं घातली, मुसळ उचललं. मोबाइलमध्ये सापडलेल्या त्या दोन ओळी तोपर्यंत दिग्गीतून जोयड्याला, जोयड्यातून रामनगरला, या फोनवरून त्या फोनवर सगळीकडं पोचल्या होत्या. त्यांना कुठलंच कुलूप नव्हतं. पोरीबाळींना त्या तोंडपाठ झाल्या होत्या. बायांनी त्या दोन ओळी म्हटल्या. मुसळ पडत राहिलं, पुढची ओळ आली नाही, म्हणून त्यांनी त्याच दोन पुन्हा म्हटल्या. मग पुन्हा. नवरी मांडवाच्या दाराशी येत राहिली आणि तिथून पुढं जाईना. विहीर आली नाही, गाय आली नाही, फणस आला नाही. शिल्पानं आईला हळूच विचारलं, "अव्वा, माजी आई कधी येती गो गान्यात?"

रक्षानं खाली पाहून मुसळ उचललं. तिला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. त्या मांडवात सगळं गाणं ठाऊक असलेली मी एकटी होते. आईची ओळ माझ्या पोटात आहे, आत्ता या घडीलाही आहे, आणि ती आता कुणीही कधीच ऐकणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, जोडायला हात नाहीत तरी सांगते. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस गुणगुणत असेल तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. परवानगी विचारत बसू नका. सूर चुकला तर चुकू द्या, शब्द चुकले तर चुकू द्या, पण त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून मोठ्यानं म्हणा, शेवटच्या ओळीपर्यंत म्हणा. शिल्पाची आई तिच्यासमोर बसून हळद कुटत होती, आणि गाण्यातली तिची आई काही आली नाही.